शेजाऱ्याच्या लाटेवर जन्मठेप

१२ जून २००८ रोजी पुण्याच्या सत्र न्यायालयाने एका तरुणीला जन्मठेप सुनावली. ज्याच्याशी तिचं पूर्वी लग्न ठरलं होतं, त्याला आर्सेनिक घालून मारल्याचा आरोप होता. परिस्थितीजन्य पुरावाही न्यायालयासमोर होता. पण हा निकाल जगभर गाजला तो एका चाचणीमुळे. मुंबईच्या न्यायवैद्यक प्रयोगशाळेत तिच्या डोक्यावर ३२ इलेक्ट्रोड बसवले गेले आणि पोलिसांच्या मते जे घडलं ते तिला प्रथमपुरुषी वाक्यांत ऐकवलं गेलं. ‘मी आर्सेनिक विकत घेतलं’ अशी वाक्यं, मध्येच ‘आकाश निळं आहे’ असं एखादं निरुपद्रवी. तिनं काही बोलायचं नव्हतं. तासभर ती गप्प बसून होती. मेंदूतल्या लहरींवरून संगणकानं कौल दिला की यातल्या गोष्टी हिनं नुसत्या ऐकलेल्या नाहीत, अनुभवलेल्या आहेत. न्यायालयानं तो ग्राह्य धरला. पुढे उच्च न्यायालयानं शिक्षा स्थगित करून तिला जामीन दिला.

चाचणी मात्र कुठे गेली नाही. तिचं नाव ‘ब्रेन इलेक्ट्रिकल ऑसिलेशन सिग्नेचर’. पोलीस आणि वार्ताहर ‘ब्रेन मॅपिंग’ म्हणून मोकळे होतात. बंगळुरूच्या निम्हान्स या मनोविकार व मेंदूविकारांच्या संस्थेत काम केलेले मानसशास्त्रज्ञ सी. आर. मुकुंदन यांनी ती विकसित केली. २०२० साली हाथरस प्रकरणातल्या आरोपींना सीबीआयनं पॉलिग्राफबरोबर ह्याच चाचणीसाठी गांधीनगरला नेलं होतं. मोठा गुन्हा झाला, तपास अडला, लोक खवळले की ‘आरोपीचं ब्रेन मॅपिंग करणार’ ही बातमी येतेच. वाचणाऱ्याला वाटतं, आता सत्य बाहेर येणार.

या चाचणीवरचे आक्षेप बहुतेक वेळा कायद्याच्या अंगाने घेतले जातात: स्वतःविरुद्ध साक्ष द्यायला कुणाला भाग पाडता येत नाही, राज्यघटनेचा अनुच्छेद २०(३), वगैरे. ते रास्तच आहेत. पण त्यात एक गोष्ट न बोलता मान्य केली जाते, ती म्हणजे यंत्र मन वाचतं. प्रश्न फक्त वाचू द्यावं की नाही एवढाच. माझा आक्षेप त्याच्या एक पायरी आधीचा आहे. कवटीवरून टिपलेली लहर मेंदूच्या कुठल्या भागाची आणि तो भाग त्या क्षणी काय करत होता, हे ठरवणं किती अवघड आहे ते या लहरींवर काम करणाऱ्या प्रत्येकाला माहीत असतं. अडचण येते ती शेजाऱ्यांमुळे.

ईईजी, म्हणजे डोक्यावरून घेतलेली मेंदूच्या लहरींची नोंद, काढताना कधी जवळून पाहा. टेक्निशियन आधी टेप घेऊन नाकाच्या मुळापासून डोक्यामागच्या उंचवट्यापर्यंत माप घेते, स्केच पेन्सिलीनं खुणा करते, केस बाजूला सारून कातडी खरखरीत पेस्टनं घासते आणि एकेक वाटीसारखा इलेक्ट्रोड चिकटवते. विषम आकडे डावीकडे, सम आकडे उजवीकडे. मग पडद्यावर वीसेक रेषा धावू लागतात. ‘डोळे मिटा’ म्हटलं की डोक्याच्या मागच्या बाजूच्या रेषांत सेकंदाला दहाएक वेळा उठणारी छान गोलसर लाट दिसू लागते. ‘उघडा’ म्हटलं की ती विरते. ‘दात आवळा’ म्हटलं की सगळा पडदा काळा होतो. या सगळ्यात मोजलं काय जातं? काही दशलक्षांश व्होल्ट. छातीवर ईसीजीत जेवढा विद्युतदाब मिळतो त्याच्या कित्येक पटींनी कमी. आणि तोही एका जागेचा कधीच नसतो, दोन जागांमधला फरक असतो. दुसरी, म्हणजे संदर्भाची, जागा बदला, रेष बदलते. कान धरला तर वेगळी, नाक धरलं तर वेगळी.

जर्मनीतल्या येना शहरात हान्स बर्गर यांनी १९२४ साली माणसाची अशी पहिली नोंद घेतली आणि पाच वर्षं घासूनपुसून १९२९ साली ती छापली. बर्गर यांना विचारांचं दूरप्रक्षेपण, म्हणजे टेलिपथी, सिद्ध करायची आस होती. म्हणजे मन वाचायचा मोह या यंत्राला जन्मापासूनच जडलेला आहे. बर्गर यांच्या लहरी खऱ्या निघाल्या, दूरप्रक्षेपण मात्र राहिलं.

एका चेतापेशीचा आवाज कवटीपर्यंत पोचतच नाही. मेंदूच्या सालीचा काही चौरस सेंटिमीटरचा तुकडा, म्हणजे लाखो पेशी, एका ठेक्यात आल्या तरच बाहेर काही उमटतं. वाटेत पाणी, पडदे, हाड, कातडी. कवटीचं हाड विजेचं वाईट वाहक, त्यामुळे आतली लाट बाहेर येईतो पसरलेली असते आणि एकच उगम पाच-सात इलेक्ट्रोडांवर एकाच क्षणी दिसतो. अनंत चतुर्दशीला लक्ष्मी रस्त्यावरच्या एखाद्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर खिडक्या लावून बसलात, तर खालचा ठेका भिंतींतूनही अंगात शिरतो; पण टोल कुठल्या पथकाचा, ताशा कुठल्याचा, आणि मधलं पथक वाजवतंय की पुढची मिरवणूक हलायची वाट बघत नुसतं उभं आहे, हे आतून सांगता येत नाही. चार खोल्यांत चार माणसं बसवली आणि चौघांनीही तोच ठेका ऐकला म्हणून खाली चार पथकं होती असं ठरत नाही. ईईजीत ही चूक इतकी सर्रास होते की २००४ साली गिडो नोल्टे आणि सहकाऱ्यांनी एक उपाय सुचवला: दोन इलेक्ट्रोडांतलं जे साम्य अगदी एकाच क्षणी दिसतं ते मोजूच नका, किंचित उशिरानं जे जुळतं तेवढंच धरा. कारण वीज ऊतींतून तत्काळ पसरते, मेंदूच्या एका भागाकडून दुसऱ्याकडे निरोप जायला मात्र काही सहस्रांश सेकंद लागतात. यात खरं साम्यही थोडं फुकट जातं, पण निदान पसरलेली वीज नात्यात मोजली जात नाही.

हे बाहेरचं झालं. आत इलेक्ट्रोड घातला तरी शेजाऱ्याचा प्रश्न सुटत नाही. उलट तो तिथेच खरा रंगतदार होतो.

आठवणींचं नाव काढलं की हिप्पोकॅम्पस आलाच: कानाच्या आतल्या बाजूला, मेंदूच्या पोटात दडलेला, वळलेल्या शेपटीसारखा भाग. उंदराच्या हिप्पोकॅम्पसमध्ये तो फिरत असताना सेकंदाला सात-आठ ठेक्यांची थीटा लहर चालते, आणि तिच्या प्रत्येक आवर्तनावर स्वार झालेली, कितीतरी वेगवान गॅमा लहर. या भागाचं एक दालन सीए१. त्याच्या एका बाजूला सीए३, जिथे साठवलेल्या आठवणीचा धागा असतो असं मानतात. दुसऱ्या बाजूला एन्टोऱ्हायनल कॉर्टेक्स, जिथून आत्ता कुठे आहोत, काय दिसतं आहे याची खबर येते. २००९ साली नॉर्वेतल्या ट्रॉनहाइमच्या मोझर दांपत्याच्या प्रयोगशाळेत लॉरा कोल्गिन यांनी दाखवलं की सीए१ आपल्या या दोन शेजाऱ्यांशी दोन वेगळ्या गॅमांवर बोलतो. सीए३शी सेकंदाला २५ ते ५० ठेक्यांच्या संथ गॅमावर, एन्टोऱ्हायनलशी ६५ ते १४० च्या जलद गॅमावर. आणि दोन्ही एकाच थीटा लाटेच्या वेगवेगळ्या उतारांवर. या वाटणीवर पुढे बरीच चर्चा झाली, अजून होते. पण मुद्दा टिकला: काही मिलिमीटर अंतरावरचे शेजारी एकाच पेशीसमूहाला आळीपाळीनं, क्षणाच्या तुकड्यांत वेळ वाटून, दोन वेगळ्या गोष्टी सांगत असतात. आठवणं आणि आत्ताचं अनुभवणं यांतला फरक असलाच तर तो अशा ठिकाणी, अशा बारकाव्यात असणार. उंदराच्या डोक्यात केसाएवढ्या तारा सोडून तो कसाबसा दिसतो. टोपीतले ३२ इलेक्ट्रोड तो कवटीवरून टिपतात, हा दावा ऐकून मला तरी हसू येतं. आणि लगेच ओशाळायला होतं, कारण त्या टोपीखाली एक माणूस बसलेला असतो.

दुसरं उदाहरण माणसाचंच आहे, आणि या वादात माझ्या दृष्टीनं सर्वांत वजनदार. फिट येणाऱ्या काही रुग्णांवर शस्त्रक्रिया करण्याआधी मेंदूच्या पृष्ठभागावर इलेक्ट्रोड ठेवून काही दिवस नोंदी घेतल्या जातात. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात कॅथरीन शेव्हन आणि सहकाऱ्यांनी अशा रुग्णांत, त्यांच्या संमतीनं, ४ मिलिमीटर चौरसाची ९६ सूक्ष्म सुया असलेली जाळीही बसवली आणि २०१२ साली निष्कर्ष छापले. फिट आली की मोठ्या इलेक्ट्रोडांवर विस्तीर्ण भागात दांडगी, तालबद्ध लाट उसळते. पाहणारा म्हणणार, हा सगळा भाग फिटीत सापडला. सुयांनी वेगळंच दाखवलं. फिटीचा खरा गाभा छोटा होता आणि सेकंदाला मिलिमीटरभराहूनही कमी वेगानं पुढे सरकत होता. त्याच्या भोवतालच्या पट्ट्यात लाट तितकीच मोठी, पण तिथल्या पेशी त्या तालात सामीलच नव्हत्या. गाभ्याकडून भडिमार येत होता आणि तिथल्या आवर घालणाऱ्या पेशी तो अडवून धरत होत्या. अडवण्याचाच तो गोंगाट होता. विद्युतलहर प्रामुख्यानं पेशीकडे येणाऱ्या निरोपांतून तयार होते, पेशीनं दिलेल्या उत्तरातून कमी. म्हणजे एखाद्या जागी लाट दिसली तर ‘ही जागा हे करते आहे’ असंही असेल, ‘शेजारी हिच्यावर तुटून पडलाय आणि ही नकार देते आहे’ असंही असेल. रेषेकडे पाहून दोन्ही सारखंच दिसतं.

हे मनात ठेवून पुन्हा त्या खुर्चीकडे या. ‘मी आर्सेनिक विकत घेतलं’ हे वाक्य कानावर पडताच काही लहरी वाढल्या. का वाढल्या? घडलेलं आठवलं म्हणून? की न घडलेलं कुणी आपल्या तोंडी घालतंय, त्याला आतून ‘नाही’ म्हणण्याच्या धडपडीनं? की नुसत्या भीतीनं?

चाचणीचे समर्थक यावर म्हणतात की उगम कुठला हे कळायची आम्हाला गरजच नाही. डॉक्टर तापाचं मूळ कळायच्या आधीही थर्मामीटरवर विश्वास ठेवतातच ना? ज्यांनी अनुभवलं आणि ज्यांनी नुसतं ऐकलं, अशा दोन गटांत जर लहरींचा नमुना पुन्हा पुन्हा वेगळा येत असेल, तर तो कुठून का येईना. युक्तिवाद चुकीचा नाही, आणि तो टाळून पुढे जाऊ नये. मात्र तो केला की जबाबदारी बदलते. यंत्रणा समजावून सांगता येत नसेल तर चुकांचा हिशेब तरी चोख हवा: कोण अनुभवी आणि कोण अजाण हे परीक्षकाला ठाऊक नसताना घेतलेल्या चाचण्या, बाहेरच्या प्रयोगशाळांनी करून पाहिलेल्या, कच्च्या नोंदींसकट प्रसिद्ध झालेल्या. बाहेरच्या अभ्यासकांची मुख्य तक्रार नेमकी हीच राहिली आहे. आणि स्वेच्छेनं प्रयोगात बसलेला विद्यार्थी म्हणजे चार दिवस कोठडीत काढलेला आरोपी नव्हे.

कोठडीतल्या माणसाचा जबडा आवळलेला असतो, मान ताठ असते. हे लिहायला कारण आहे. २००७ साली ऑस्ट्रेलियातल्या एका गटानं फार धाडसी प्रयोग प्रसिद्ध केला. स्वयंसेवकांना औषधानं काही वेळ पूर्ण लुळं करून, श्वास यंत्रावर ठेवून, जागेपणी त्यांचा ईईजी घेतला. सेकंदाला वीसच्या वर ठेके असलेल्या ज्या लहरी आपण मेंदूच्या म्हणून मोजत होतो, त्यांतला बराच मोठा वाटा गायब झाला. तो मेंदूचा नव्हताच. टाळूच्या (म्हणजे डोक्यावरच्या कातडीच्या), कपाळाच्या, जबड्याच्या स्नायूंचा होता. पुढच्याच वर्षी इस्रायली संशोधकांनी दाखवलं की डोळ्यांच्या अगदी बारीक, नकळत होणाऱ्या हालचालीही टाळूवर गॅमासारखा ठसा उमटवतात. तेव्हा शेजारी म्हणजे फक्त मेंदूचे भाग नव्हेत. आरोपाचं वाक्य ऐकून निरपराध माणसानंही दात आवळले, तर ते आवळणं लहरींत मोजलं जाण्याची शक्यता आहे.

समजा, उद्या यंत्र निर्दोष झालं. तरी एक गोष्ट उरतेच. चौकशीत तीच तीच कहाणी आरोपीला ऐकवली जाते. ‘तू तिथे गेलास, तू हे घेतलंस’. ऐकणारा ते डोळ्यांसमोर आणतो, आणल्याशिवाय राहत नाही. कल्पनेत जगलेला प्रसंग आणि घडून गेलेला प्रसंग यांना मेंदूची बरीचशी सामग्री एकच लागते, आणि वारंवार कल्पिलेलं पुढे घडल्यासारखं आठवू लागतं हे मानसशास्त्रातलं जुनं निरीक्षण आहे. चाचणीच्या खोलीत येईपर्यंत ती वाक्यं नवी राहिलेली नसतात.

आता वैद्यकाकडे पाहा, कारण तिथे याच लहरींवर विश्वास ठेवला जातो आणि तो योग्यच आहे. पार्किन्सनच्या रुग्णांत सबथॅलॅमिक न्यूक्लिअस या वाटाण्याहून लहान गाठीत सेकंदाला १३ ते ३० ठेक्यांची बीटा लहर अवास्तव वाढलेली असते, औषध घेतलं की ती उतरते; तिच्या चढउतारावर आपला विद्युतप्रवाह कमी-जास्त करणारी यंत्रं आता रुग्णांना मिळू लागली आहेत. पण तिथे तार त्या गाठीच्या आत असते आणि मोजला जातो तो तारेवरच्या काही मिलिमीटर अंतरावरच्या जागांमधला फरक, म्हणजे लांबच्या शेजाऱ्याचा आवाज आपोआप वजा होतो. फिटींच्या शस्त्रक्रियेतही तसंच. तिरुअनंतपुरमचं श्री चित्रा असो वा आपलं केईएम, नुसत्या टाळूवरच्या ईईजीवर कुणी सर्जन सुरी उचलत नाही. एमआरआय काढतात, रुग्णाला दिवसचे दिवस कॅमेऱ्यासमोर ठेवून फिट येताना नोंद घेतात, स्मरणशक्तीच्या चाचण्या होतात, सगळे डॉक्टर एकत्र बसून वाद घालतात, आणि शंका उरली तर मेंदूत खोल इलेक्ट्रोड घालतात. पॅरिसमध्ये जाँ तालेराक आणि जाँ बाँको यांनी गेल्या शतकाच्या मध्यावर ही पद्धत बसवली ती याच शंकेपोटी: लाट इथे दिसते, पण उगम इथलाच कशावरून? एवढं करूनही शस्त्रक्रियेनंतर काहींच्या फिटी थांबत नाहीत, आणि डॉक्टर तसं आधीच सांगतात. दोन-चार सेंटिमीटर ऊती काढायला एवढी काळजी, आणि माणसाचं उरलेलं आयुष्य काढून घ्यायला एक टोपी आणि एक तास? हा हिशेब मला कुणी समजावून सांगितलेला नाही.

पट्टी बांधून पुस्तक वाचायला शिकवणारे ‘मिडब्रेन अॅक्टिव्हेशन’चे वर्ग आपल्याकडे गल्लोगल्ली निघाले, तेव्हा अंधश्रद्धा निर्मूलनवाल्यांनी मुलांच्या नाकाजवळची फट दाखवून त्यांची हवा काढली. ब्रेन मॅपिंगचं तसं होत नाही. त्याच्या मागे सरकारी इमारत आहे, डॉक्टरेट आहे, रंगीत आलेख आहेत. फट शोधायला कुणी वाकत नाही.

असं नाही की कुणी सांगितलंच नव्हतं. २००८ सालीच निम्हान्सच्या संचालकांच्या अध्यक्षतेखालच्या तज्ज्ञ समितीनं ही चाचणी शास्त्रीय कसोटीवर टिकत नाही, पुरावा म्हणून तिचा वापर थांबवावा, असं मत दिलं. ५ मे २०१० रोजी सर्वोच्च न्यायालयानं सेल्वी विरुद्ध कर्नाटक राज्य या खटल्यात नार्को, पॉलिग्राफ आणि ब्रेन मॅपिंग या तिन्ही चाचण्या सक्तीनं करणं घटनाबाह्य ठरवलं. निकालात या तंत्रांच्या भरवशाबद्दलही शंका नोंदवल्या. पण एक दार उघडं राहिलं. आरोपीनं दंडाधिकाऱ्यासमोर संमती दिली तर चाचणी करता येते. तिचा निष्कर्ष पुरावा होत नाही, मात्र त्यातून पुढे काही सापडलं तर ते तेव्हाच्या पुरावा कायद्याच्या कलम २७ प्रमाणे (२०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम २३ प्रमाणे) आणता येतं. ब्रेन मॅपिंगमध्ये तर आरोपी बोलतच नाही, त्यामुळे सापडणार काय? सापडते ती पोलिसांची खात्री. तपासाची दिशा तिथे पक्की होते, दुसरा संशयित मागे पडतो, वर्तमानपत्रात ‘चाचणीत दोषी’ छापून येतं. जामिनाच्या सुनावणीत त्या बातमीची सावली असतेच. आणि कोठडीतली संमती किती मोकळी असते हे वकिलांना विचारा. ‘नाही’ म्हणणारा लपवतोय, असंच सगळे धरून चालतात.

म्हणून संमतीची सोयही तूर्त बंद करावी असं माझं मत आहे. संशोधन चालू राहू दे, पैसा मिळू दे, उंदरांपासून ऑपरेशन थिएटरपर्यंत या लहरींवर जे काम चाललंय ते आपल्या काळातलं फार सुंदर विज्ञान आहे. तपासात मात्र ती नको. आणि बंदी येईपर्यंत बचाव पक्षाच्या वकिलांनी एवढं तरी मागावं: कच्ची नोंद, अहवाल नव्हे. संदर्भाचा इलेक्ट्रोड कुठे धरला होता? एकाच क्षणी दिसणारं साम्य वगळलं की नाही? जबड्याचे आणि डोळ्यांचे स्नायू कसे वजा केले? चाचणीआधी ही वाक्यं आरोपीला कोणत्या चौकशीत, किती वेळा ऐकवली होती? गुन्ह्याशी काडीचाही संबंध नसलेल्या किती लोकांना याच यंत्रानं ‘अनुभवी’ ठरवलं? या प्रश्नांची उत्तरं लेखी आल्याखेरीज तो अहवाल आरोपपत्राला जोडू देऊ नये, आणि ‘प्रणालीचे तपशील गोपनीय आहेत’ असं उत्तर आलं तर न्यायाधीशांनी तो त्याच दिवशी प्रयोगशाळेकडे परत धाडावा.